भाऊजी, पाच सालंच बरोबर होती

भाऊजी,

काल ओसरीवर बसायला आलेले मोताळ्याकडचे एक पाहुणे सगळ्यांना सांगत होते, की नामदेवरावांनी तरुणपणी फुटबॉलमध्ये खोऱ्यानं गोल मारले. माणसं माना हलवत होती. तुमचे दादाही हलवत होते, पण त्यांना हल्ली ऐकू येत नाही, ते सगळ्यालाच हलवतात. मी दाराआड तेरवीचे गहू निवडत बसले होते आणि पदराचा बोळा तोंडात धरून हसत होते. राख अजून निवली नाही आणि घरातली म्हातारी हसते, असं कोणी पाहिलं असतं तर गावाला पुढच्या आखाजीपर्यंत पुरलं असतं.

तुम्ही जन्मात गोल मारला नाही. एक मारला, पण तो आपल्याच बाजूला, गोल राखणाऱ्या बिचाऱ्या करीमभाईच्या दोन पायांमधून.

मनात आलं, उठून बाहेर जावं आणि सांगावं, की हा गोल मारणारा माणूस नव्हता, अडवणारा होता. सगळ्यांच्या मागे, आपल्या गोलाच्या पुढे जो उभा राहतो त्याला बॅक म्हणतात, तो हा होता. तेवढ्यात ध्यानात आलं, की पाहुण्यांची फजिती बघून ज्याला सगळ्यात जास्त हसू आलं असतं तोच नाही. मग गव्हात परत हात घातला. खडा काही दिसेना.

म्हणून हे कागदावर. बोलायची सवय मोडायला वेळ लागतो, आणि तुमच्याशी भांडायची मोडायला त्याहून जास्त.

मी या घरात आले ती चौथी शिकून. नांदुऱ्याची चौथी. अंगठा न लावता सही करणारी सून म्हणजे तेव्हा गावात कमिशनरच, आणि मलाही तसंच वाटत होतं. जगातल्या एकूण एक गोष्टीवर आपलं मत असलं पाहिजे आणि ते लोकांना कळलं पाहिजे, अशी माझी समजूत होती. आज ती पोरगी माझ्यासमोर आली तर मी तिला दिवसभर जात्यावर बसवीन. तुम्ही त्याच सुमारास बुलढाण्याहून मॅट्रिक नापास होऊन परतलात. अभ्यास तिकडेच टाकला, फुटबॉल तेवढा घेऊन आलात. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनाच्या शेटला या खेळाचं वेड होतं, तो तुम्हाला सामन्यापुरतं बोलवायचा. घरच्या कापसाच्या गाडीवर बसून जायचं, खेळायचं, रिकाम्या गाडीत झोपून परत यायचं.

मामंजींसमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती. पण माझी मतं कुठे जाणार? मी ती चंद्रीला सांगत असे. गोठा ओसरीला लागूनच होता. म्हशीला आंबोण देता देता मी मोठ्यानं तिला समजावून सांगे आणि मामंजी ओसरीवर पान जुळवत ऐकत. तेही मला कधी उत्तर देत नसत, चंद्रीलाच देत. आत्याबाई, तुमच्या आई, वैतागून म्हणायच्या, “ह्या घरात सगळ्याइनं मोठी अक्कल म्हशीची, अन सगळ्याइनं जास्त बोलणंबी तिलेच लागते.”

तुमचा खेळ मी एकदाच पाहिला. मला माहेरी जायचं होतं, मलकापूरहून नांदुऱ्याची गाडी धरायची होती, म्हणून दादांनी कापसाच्या गाडीवर घेतलं. जिनाच्या मागच्या पटांगणात सामना चालला होता. बाईमाणसानं तिथे उतरायचं नाही, तेव्हा दादांनी गाडी कडेला लावली आणि मी वर कापसावरच बसले, डोक्यावरून पदर घेऊन, हत्तीवरच्या राणीसारखी. पाहिलं तर काय, सगळे जण चेंडूमागे धावत आहेत आणि माझा दीर मागे एकटाच उभा. हात दाखवतो, कोणाला काही ओरडतो, दोन पावलं सरकतो. चेंडू येतो तो नेमका याच्याच पायाशी. हा लाथ घालतो आणि पुन्हा उभा. मला शरमच वाटली.

माहेराहून परतल्यावर ताट वाढताना मी विचारलंच, “भाऊजी, सारे धावून राह्यले होते अन तुमी उभे. पाय दुखत होते काय?”

तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, “चेंडू माह्याकडंच येऊन राह्यला होता, वयनी. मी काऊन धावू?”

या उत्तरानं मी आणखीच चिडले. मला वाटलं, आळशी माणूस आळसाला शहाणपण म्हणतो आहे.

पुढे उन्हाळ्यात करीमभाई रस खायला आले. धाड गावचे लोहार, जिनात यंत्रांची दुरुस्ती करायचे आणि तुमच्या मागे गोलात उभे राहायचे. मी दाराआडून त्यांनाही तेच विचारलं. ते वाटी चाटूनपुसून झाल्यावर म्हणाले, “भाभी, ये सामने खड़ा है ना, तो मैं गोल में बैठ के भुट्टा खा सकता हूँ. चेंडू कहाँ आनेवाला है, ये पहले जा के वहाँ खड़ा रहता है. लोगों को लगता है, कुछ करताच नहीं.”

तेव्हा माझ्या चौथीच्या डोक्यात उजेड पडला. ज्वारीत माळ्यावर बसून गोफण फिरवणारा माणूस काय पेरतो, काय कापतो? पण तो नसला तर खळ्यावर काय येतं? एकदा एवढं उमगल्यावर मी गप्प बसते थोडीच. विहिरीवर, निंदणाला, हळदीकुंकवाला, जिथे जाईन तिथे मी बायकांना बॅकचं मोल समजावू लागले. बायांनी चेंडूसुद्धा पाहिलेला नव्हता. खरं म्हणजे मीही एकदाच पाहिला होता, पण तुमच्या खेळातलं तुमच्याहून जास्त मला कळतं अशा थाटात मी बोलत असे.

आणि मग शेटचे मुनीमजी आले.

ते नेमके आखाजीच्या तोंडावर आले, हे आपलं नशीब. आखाजीला, पंचांगातल्या अक्षय्य तृतीयेला, जुनं साल संपतं, नवं लागतं, आणि घरोघरच्या ओसरीवर सालदारांची बोलणी होतात. मामंजींनी सकाळीच आपला गडी पुढच्या सालासाठी बांधला होता आणि त्यांचं तोंड त्या घासाघिशीनं अजून गरम होतं. तेवढ्यात मुनीमजींनी स्टँपाचा कागद काढला. शेटला तुम्ही पाच सालांसाठी हवे होतात. जिनाच्या आवारात खोली, रुईच्या बोज्यांवर खुणा घालायचं काम, आणि खेळायचं ते शेटच्याच संघाकडून. हात मोडो, पाय मोडो, पाच सालं खोली आणि काम तुमचं. मोल मात्र बेताचं.

माणूस मुदतीनं बांधायची मामंजींना एकच रीत ठाऊक होती. फरक इतकाच, की आजवर ते खाटेच्या या बाजूनं बोलत, आज त्या बाजूनं बोलायचं होतं.

“जोडा देता काय?”

“कसला जोडा, पाटील?”

“पायातला. आमी सालदाराले सालाचा एक देतो.”

“हा खेळतो अनवाणी.”

“मंग त दोन द्या. पाय लवकर झिजतीन. घोंगडं?”

मुनीमजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. “पाटील, आम्ही गडी नाही हो ठेवत. खेळाडू ठेवतोय.”

“तेच त म्हणतो. आमचा नांगर धरते, तुमचा चेंडू धरते.”

“धरत नाही, अडवतो,” मुनीमजी म्हणाले. “आणि तिथंच अडलंय. शेटजींचे मित्र म्हणतात, गोल मारणारा ठेवा, अडवणाऱ्याला एवढ्या लांब मुदतीनं काय करायचं? करीम म्हणतो, हा नसला तर मी गोलात उभा राहत नाही. दोघांचं राखायचं म्हणून मुदत लांब आणि मोल बेताचं.”

मोल बेताचं. हे ऐकलं आणि गोठ्यात माझं डोकं फिरलं. ज्याचं मोल मी पंचक्रोशीतल्या विहिरींवर सांगत फिरत होते, त्याला हे बेताचं म्हणतात. मी चंद्रीची शेपटी बाजूला केली आणि आवाज लावला.

“ऐक वं चंद्रे. आज बेताचं बांधलं का पाच सालं बेताचंच राह्यते. एकाच सालाचं करावं माणसानं. यंदा चांगलं अडवून दाखवलं का पुढच्या आखाजीले शेट सोताच वाढवते. ज्याचा भाव चढनार हाय त्याले आजच पाच सालासाठी काऊन देऊन टाकायचं?”

मामंजींनी चुन्याचं बोट पानावर फिरवलं. “म्हैस बराबर बोलून राह्यली,” ते म्हणाले. “पाच सालं त मी बैलाचंबी सांगत नाही. एक साल. पटलं त पुढचं पुढं.”

तुम्ही खांबाला टेकून उभे होतात. वडिलांसमोर तुम्हीही फारसं बोलत नसा. त्या दिवशी बोललात.

“बाबा, मले पाचच पाह्यजेत.”

“काऊन बे? मोल वाढून भेटलं त नको काय तुले?”

“मोल राहू द्या. पुढच्या आखाजीचं भेव मनात असलं त मांगं उभं राह्यवत नाही. लोकाइले दिसावं म्हणून माणूस पुढं धावते.”

कोणाला काही कळलं नाही. मामंजी म्हणाले, धावायलाच तर ठेवतात. दादा म्हणाले, बाबा म्हणतात तसं कर. आणि चौथी पास कमिशनरीणबाई चंद्रीच्या कानात, पण ओसरीवर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “भाऊजी भेतात वं, चंद्रे.”

तुम्ही गोठ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. चेंडू कुठे पडणार हे आधीच दिसलेला माणूस पाहतो तसं. हे मला आज सुचतं आहे. तेव्हा मी फक्त आंबोण ढवळलं.

मुनीमजींनी स्टँपाचा कागद घडी करून खिशात घातला आणि एका सालाचं तोंडी ठरवून गेले. जोडा मात्र मामंजींनी कबूल करून घेतलाच.

पहिलं साल छान गेलं. पुढच्या आखाजीला शेटनं खरोखरच मोल वाढवलं. मी चंद्रीला पसाभर सरकी जास्त घातली आणि त्या उन्हाळ्यात गावात अशी चालले, की जसा सामना मीच जिंकला. तुम्ही सणाला आलात तेव्हा मी म्हटलं, “कोन बराबर होतं?” तुम्ही म्हणालात, “चंद्री.” हसलात, पण बारीक झाला होतात.

दुसऱ्या सालाचं पुढे करीमभाईंनी सांगितलं. शेटनं नागपूरकडून गोल मारणारा एक नवा गडी आणला होता. जिनात, बाजारात, शेटच्या ओसरीवर त्याचंच नाव. संघ हरत नव्हता, पण का हरत नव्हता हे कोणी विचारत नव्हतं. फागुन संपत आला, आखाजी जवळ आली. खामगावकरांशी सामना होता, जिल्ह्याचे गोरे साहेब खुर्ची टाकून बसले होते आणि शेट त्यांना एकेक खेळाडू बोटानं दाखवत होता. तुमच्यापर्यंत बोट येण्याआधीच साहेबांनी चहा घेतला म्हणे.

खेळ संपायला आला आणि तुम्ही जागा सोडलीत. आयुष्यात कधी नव्हे ते चेंडू घेऊन पुढे निघालात. करीमभाई मागून ओरडत राहिले, “नामदेव, पीछे, पीछे.” तुम्ही ऐकलं नाही, की ऐकून घेतलं नाही. जोरात मारलेला चेंडू गोलाच्या बांबूला लागून परत आला, समोरचे दोघे तुमच्यावर पडले आणि गुडघा गेला.

शेटनं वाईट काही केलं नाही, हे मी कोणाकडेही सांगते. साल पुरं होईपर्यंत खोलीत राहू दिलं, ठरलेलं सगळं दिलं, दुसरा जोडासुद्धा दिला. पण साल एकाच वर्षाचं होतं. आखाजी आली, साल संपलं, खोली दुसऱ्याला लागत होती. पाच सालं असती तर खोली तुमची होती, काम तुमचं होतं. बोज्यांवर खुणा घालायला गुडघा लागत नाही. संध्याकाळी पटांगणात उभं राहून पोरांना कुठे उभं राहायचं ते सांगायलाही लागत नाही.

आखाजीच्या दिवशी दुपारी बैलांची दमणी दारात आली. घरात पितरांच्या घागरी भरून ठेवलेल्या, त्यावर आंबे, पुरणाचा वास. तुम्ही एका पायावर उतरलात, नवा जोडा काखेत, आणि उंबऱ्यात थांबून म्हणालात, “वयनी, पुरण उरलं काय?”

आत्याबाई रडल्या. मामंजी गोठ्यात गेले आणि चंद्रीशी काहीच बोलले नाहीत.

आपलं भांडण खरं तर तिथून सुरू झालं. मी म्हणायचे, पाच सालंच बरोबर होती. तुम्ही म्हणायचे, एकच बरोबर होतं. दोघांनी बाजू बदलून घेतल्या आणि कोणी हटेना. ज्वारीच्या दिवसांत राखणीला माळ्यावर तुम्ही बसू लागलात, मी खाली भाकर घेऊन यायचे, की तिथेच सुरू.

“भाव वाढला होता का नाही दुसऱ्या साली? तुमचं गणित चुकलं नाही, वयनी.”

“अन गुडघा?”

“गुडघा माहा. जागा मी सोडली. तुमी सोडाले सांगितली काय?”

“भेव मी घातलं ना.”

“मले आधीच होतं. तुमी फक्त चंद्रीले सांगितलं.”

माझी जाऊ, तुमची मंडळी, लांबून आम्हाला पाहून म्हणायची, “ह्या दोघाइचं कोर्ट बसलं, मी त चालली कापूस येचाले.” मामंजी गेले, चंद्री गेली, जाऊ गेली, लेकरांची लेकरं आली, दादांचे कान गेले, आणि कोर्ट चालूच. नातवंडांना वाटतं हा आमचा खेळ होता. थोडा होताही. निदान तुमच्या बाजूनं.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या खाटेपाशी पेज घेऊन बसले होते. दोन चमचे घेतलेत आणि तोंड फिरवलंत. मला वाटलं, आता तरी. म्हटलं, “भाऊजी, एकदा म्हणा, वयनी तुमी चुकल्या होत्या.” तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, “जागा सोडू नका, वयनी. म्हाताऱ्या माणसाले अडवाले लावून राह्यल्या.” मग झोपलात. त्यानंतर आपलं नीट बोलणं झालंच नाही.

मला हरायचं होतं, भाऊजी. इतकी वर्षं मी हरायच्या बाजूनं भांडत होते. तुम्ही एकदाही हरू दिलं नाहीत. चेंडू गोलात जाऊ द्यायचं तुम्हाला येतच नव्हतं.

आणि एक गोष्ट कोर्टात कधी निघालीच नाही, कारण ती मी माझ्यापाशीच दाबून ठेवली. त्या आखाजीला तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात, तेव्हा सगळ्यांसारखी मीही रडले. पण पदराआड मला बरं वाटलं होतं. दोन वर्षं घर कसं मुकं झालं होतं. मी चंद्रीला इतकं सांगायचे, पण ती बिचारी उलटून काही बोलायची नाही. तुम्ही पुरण मागितलंत आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की चला, बोलायला माणूस आलं. तुमचा खेळ संपला होता, आणि माझ्या मनात ते. त्या एका क्षणाच्या बदल्यात मी जन्मभर तुमची बाजू घेऊन तुमच्याशीच भांडले. पण हे तुम्हाला सांगितलं असतं तर? तुम्ही म्हणाला असतात, “बरं वाटलं त वाटलं, वयनी, मलेबी वाटलं.” खरं असो की खोटं, तुम्ही तेही अडवलंच असतं. म्हणून नाही सांगितलं. आता सांगते, तर पुढे कोणी उभं नाही.

करीमभाई तिसऱ्या दिवशी आले होते. एस.टी.तून उतरवून घ्यायला आपली पोरं गेली. आता त्यांनाही दिसत नाही धड. दाराशी येऊन मला म्हणाले, “भाभी, अब गोल खुला पड़ा है.” मी त्यांना चहा दिला.

आखाजी तोंडावर आली आहे. कुंभाराकडून या साली एक घागर जास्तीची आणली. तुमची. तिच्यावर आंबा ठेवीन, पुरण ठेवीन, आणि पाणी भरताना मुदतीचं बोलणं मीच करीन. या वेळी चंद्री नाही, दाराआडूनही नाही. एका सालाचं नाही आणि पाचांचंही नाही. माझे हात घागर उचलतात तोवर दर आखाजीला यायचं. मोल वाढवून मागू नका. जोडा तेवढा ठेवते, मामंजींची आठवण म्हणून.

नात्यानं थोरली मी, माझा नंबर आधी होता. तुम्ही पुन्हा जागा सोडून पुढे गेलात, आणि मागून ओरडायला मी उशिरा पोचले. असू द्या. गेलाच आहात तर तिथे आपली नेहमीची जागा धरा, सगळ्यांच्या मागे. मी येईन तेव्हा पाच सालांचा विषय मीच काढणार आहे. त्या दिवशी, भाऊजी, जरा बाजूला व्हा. एकदा मला हरू द्या.